मोठ्यानं आभार मानायचे नाहीत

(चिक्कडपल्ली, हैदराबाद, १९९७. नव्या कंप्यूटर क्लासच्या हॉलमध्ये भाड्याच्या रिकाम्या खुर्च्या. उषा आणि तिची मुलगी तेजश्री. नंतर तेजश्रीच्या वडिलांचे जुने मित्र एकनाथराव.)

तेजश्री : खरं सांग आई. तू फोन केलेस ना सगळ्यांना?

उषा : कुणाला?

तेजश्री : चर्चच्या पाळकसाहेबांना. मंडळीतल्या सगळ्यांना. प्रार्थनेची वेळ टळून गेली, एक माणूस नाही. मंडळीतल्या मनीषाला विचारलं तर म्हणते, तुझ्या आईनंच कळवलं, उद्घाटन पुढं ढकललंय.

उषा : हौ, केले. तारनाक्याच्या एसटीडी बूथवरून केले. चिडायचं तर चीड.

तेजश्री : पण का? समोसे येऊन पडलेत. सोमवारपासून बॅच सुरू होतेय.

उषा : मग कर की सुरू, कोण नक्को म्हणतंय? देवानं दिलंय ते गपचूप घे. सभा कशाला? माइक कशाला?

तेजश्री : गपचूप का? चोरी केलीय मी? विद्यानगरच्या खोलीत दोन जुन्या मशिनी घेऊन बसले होते, तेव्हा कुणी फिरकत नव्हतं. आता बँकेत कंप्यूटर, ऑफिसात कंप्यूटर, बाहेरच्या कंपन्या येतायत, अ‍ॅडमिशनला जागा पुरत नाही. हे सगळं माझ्याच अकलेनं झालं असं डोक्यात जाऊ नये, म्हणून तर आधी देवाचे आभार मानायला उपकारस्तुती ठेवली.

उषा : तो शब्द काढू नकोस.

एकनाथराव : सलाम, सलाम! चुकलो की काय मी? बोर्ड तर हाच दिसला.

तेजश्री : या, एकनाथकाका. तुम्हाला आईचा फोन नाही आला?

एकनाथराव : माझ्याकडे फोन कुठला, मुली? रिटायर झालो तसा रेल्वेनं क्वार्टरबरोबर तोही काढून घेतला. काय झालं?

तेजश्री : आईनं सगळ्यांना येऊ नका म्हणून सांगितलं.

एकनाथराव : वहिनी?

उषा : तुम्हीच सांगा हिला, भावजी. तुम्ही होतात त्या दिवशी. हे फोरमन झाले म्हणून आपण घरी सभा ठेवली होती.

तेजश्री : बाबांची? मला बिर्याणी आठवते फक्त.

उषा : लहान होतीस. मी सगळ्यांसमोर उभी राहून साक्ष दिली. म्हटलं, प्रभूनं मला काही म्हणता काही कमी ठेवलं नाही. असं मोठ्यानं म्हटलं. पुढच्याच आठवड्यात ड्युटीवर ह्यांच्या छातीत कळ आली. घरी आणलं ते... जाऊ दे.

तेजश्री : आई, तू इतकी वर्षं हेच धरून बसलीस?

उषा : तुझ्या दहावीच्या निकालाला पेढे वाटले का मी? विद्यानगरला क्लास काढलास, कुणाला बोलले? तो देतो, पण आपण नाचलो की त्याला दिसतं. माझ्याकडे आता एकच उरलंय, तेजू. तू.

एकनाथराव : वहिनी, साक्ष तुम्ही दिलीत, पण प्रार्थना मी केली होती. तुमच्यापेक्षा मोठ्या आवाजात. मग मला का नाही नेलं?

उषा : मला काय माहीत?

एकनाथराव : मलाही माहीत नाही. पुष्कळ दिवस झोप नव्हती मला. पाळकसाहेबांनी समजावलं, पटलं नाही. पण एक सांगतो. तो मित्र मला देवानंच दिला होता. दिल्याबद्दल मी थँक्यू म्हटलं नसतं, तरी तो गेलाच असता. आणि थँक्यू राहून गेलं असतं.

तेजश्री : मला भीती वाटत नाही असं वाटतं का तुला? रोज शटर उचलताना वाटतं, हे माझं नाहीच, कुणीतरी येऊन परत मागेल.

उषा : मग?

तेजश्री : मग काय. उचलते शटर. बंद पडलेल्या कारखान्यातल्या लोकांच्या मुली येतात ना, त्यांना फुकट शिकवायचं ठरवलंय. हातात आहे तोवर कुणाच्या तरी कामी येऊ दे.

उषा : हे मला बोलली नाहीस.

तेजश्री : तू बोलू देतेस कुठं?

एकनाथराव : तिघं आहोत. तिघं पुरे. वहिनी, प्रार्थना तुम्ही करा.

उषा : मी? नक्को भावजी. माझ्या तोंडून आभार निघणार नाहीत.

एकनाथराव : नका मानू. भीती वाटते ना? तेवढंच सांगा. त्याला नाही तर कुणाला सांगणार?

उषा : ...देवबापा. मला भीती वाटते. पोरीला दिलंस, ते पाहिलं की वाटतं, आता हिलाही नेशील. ह्यांना का नेलंस, ते तू मला अजून सांगितलं नाहीस. मी रागावले आहे तुझ्यावर. ही जागा तुझी. ह्या मशिनी तुझ्या. पोर... पोरपण तुझीच. सांभाळ तिला. जिच्या बापाची नोकरी गेली ती पोर इथं येईल, तिला परत पाठवू नकोस.

एकनाथराव : आमेन.

तेजश्री : आमेन. चल आई, समोसे गार होतील.

उषा : थांब गं. डोळे मिट. आभार राहिलेत अजून.