तांब्यांची उतरंड

किल्लारीचा भूकंप होऊन महिना झाला होता. अंबाजोगाईच्या स्टँडवर पाटोद्याच्या गाडीची वाट बघत उभा होतो. पुढं एक म्हातारा ढोलकीवाला होता, आणि त्याला परत न्यायला आलेली गाणारी बाई.

“मास्तर, सात दिवसांचा कार्यक्रम ठरलाय. तीनच झाले. ढोलकीबिगर मी उभी कशी राहू?”

“त्या थेटरात मी आता बसत न्हाई, बाई.”

“कावून?”

“भिंती दगडाच्या हायत. वर मातीचं माळवद.”

“म्हणून तर मालकानं स्टेजवर तांब्यांची उतरंड रचली. जमीन हालली की ती पडंल, मंग पळायचं.”

“ती माझ्या ढोलकीनंच पडती. पयल्या दिवशी पडली, तर लोक चपला टाकून पळाले.”

“मागून लई हसले बी.”

“तेच सांगतो. दुसऱ्या दिवशी पडली, तर निम्मेच उठले. काल पडली, तर कुणीच उठलं न्हाई. मास्तरनं थाप मारली म्हणले, अन् हसत बसले.”

“मंग चांगलंच झालं की. लोकांची भीती मोडली.”

“बाई, काल ती पडली तवा तुमी एकट्याच आलाप घेत होता.”

“मंग?”

“माझे दोन्ही हात मांडीवर होते.”

बाईनं थेटराच्या दिशेनं वळून पाहिलं.

“गाडी लागली. येतो मी.”

“मास्तर, माझ्या पोरी आत्ता तिथंच झोपल्यात.”