लिफ्टची शांत

—गंज नाहीये तो, संतोषराव, कुंकू आहे ते. नखानं खरवडून बघा. मीच लावलंय. म्हणजे लावत आलोय, वीसेक दसरे झाले. असं बघू नका हो. इंदिरानगरात दसऱ्याला स्कूटरला हार, मिक्सरला हार — मग लिफ्टनं कुणाचं घोडं मारलंय? आणि बिल्डिंगमध्येच गुरुजी राहतोय, रोज रामकुंडावर यजमानांचे विधी करणारा, तर बाहेरचा कशाला बोलवायचा? म्हणून मी. कुंकू कुठं लावायचं? भिंतीला लावलं तर डाग पडतो म्हणून बायका ओरडतात. जाळीच्या दाराला या दोन पितळी पट्ट्या दिसल्या, म्हटलं हीच जागा. तेलात कालवून लावलं, टिकावं म्हणून. टिकलंच की.

जाळी लागली की या पट्ट्या एकमेकींना टेकून वीज जोडली जाते आणि तेव्हाच लिफ्ट हलते, मध्ये लेप आला की थांबते, हे मला आत्ता तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. दोन वर्षांपूर्वी ती मध्येच थांबायला लागली. आधीचा मेकॅनिक यायचा, कुंकू बघून नमस्कार करायचा आणि भलतंच काहीतरी ठोकून जायचा — कुंकू कोण पुसणार? मग लोक म्हणाले, गुरुजी, तुम्हीच काहीतरी करा. मला येतं काय? शांत. केली. दारात होम, वर कुंकवाचा जाड लेप. लिफ्ट जास्तच थांबायला लागली. मग दुसरी शांत, आणखी लेप. हसा, हसा, मीही हसलो असतो.

मार्चमधल्या सभेत आमच्या सेक्रेटरी वल्लरीताई म्हणाल्या, नव्या नियमाप्रमाणे जाळी काढून आपोआप सरकणारी बंद दारं बसवू, वीज गेली तरी जवळच्या मजल्यावर नेणारी बॅटरी बसवू. मी उभा राहून पाऊण तास विरोधात बोललो. पैशाचं नव्हतं हो काही. नवी लिफ्ट आली असती तर माझ्या शांती वाया गेल्या, हे जगजाहीर झालं असतं ना. ठराव पडला. गुरुजींचा शब्द.

आठ दिवसांत कुसुम अडकली. माझी बायको. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, भाजीच्या पिशव्या घेऊन, दीड तास. मी खाली स्तोत्र म्हणत उभा, आणि ती वरून सांगतेय, अहो, ते राहू द्या, आधी मेकॅनिकला फोन लावा. बाहेर काढली तेव्हा सगळी बिल्डिंग जमली होती, आणि बघत होते सगळे माझ्याकडे. मी काय म्हणालो? म्हणालो, हिनंच जाळी आपटली असणार. चारचौघांत. 

सात महिने झाले, ती खाली उतरलेली नाही. गुडघ्यांमुळे जिना जमत नाही आणि लिफ्टला हात लावत नाही. म्हणते, माझ्या हातून यंत्रं बिघडतात. हल्ली मिक्सरसुद्धा मलाच लावायला सांगते. तिला खरंच वाटतं हो तसं.

मग लिफ्ट बदला म्हणून तपासणीवाल्यांची नोटीस लागली, आणि तुम्ही अहवाल लिहायला आलात. खरं सांगू? तुम्हाला चहाला थांबवलं ते काम होतं म्हणून. अहवालात नुसतं ‘जुनी झाली’ एवढं लिहा, असं सांगणार होतो. लिफ्ट कशीही जाणारच आहे, माझी अब्रू तेवढी राहील.

नाही, नका लिहू तसं. कुंकू लिहा, तेलासकट. कुणी लावलं तेही लिहा. आणि वर जाऊन तिला सांगा, तिसरा मजला, डावीकडचं दार. म्हणावं, काकू, तुमच्या हातून काही बिघडलं नव्हतं. मी नाही येत. मी सांगितलं तर तिला वाटेल, समजूत काढतोय. छे, तेही खोटंच. तिच्यापुढं उभं राहायची लाज वाटते मला.

हे काय, लिहिलंत पण? आणि कागद माझ्याच हातात देताय? बरं. द्या. तीन जिने आहेत, पहिलं वाक्य जुळवायला पुरतील. तुम्ही नका येऊ मागे. तिनं दार लावून घेतलं तर बघायला कुणी नको.