टँकर ॲपचा लोगो

टँकरची वाट बघत झुंबरबाई सकाळपासून रांगेत रिकामा हंडा धरून उभी होती. शेजारी सरपंच आणि टँकरचं ॲप बनवणारा पार्थ मोबाईलवर वाकले होते.

“लोगो उजवीकडं का सरकलाय?”

“डावीकडं मागं जायचा बाण आहे ना, साहेब.”

“काढून टाक बाण.”

“मग लोक मागं कसे जाणार?”

“मागं कशाला जायचंय? गाव पुढं चाललंय आपलं!”

“त्यापेक्षा उजवीकडं बाणाएवढी रिकामी जागा सोडतो. हं, आला मधोमध.”

“झुंबरमावशी, तुमच्या मोबाईलात बघा बरं, लोगो मदी हाय का?”

झुंबरबाईनं मोबाईल लांब धरून नीट बघितलं.

“हाय की, बरोब्बर मदी! अन् त्याच्याखाली लिवलंय, टँकर सकाळीच येऊन गेला. मी तर सकाळपासनं हितंच उभी हाय! मग सरपंच, हंड्यात आता लोगो वतता का?”