डाव्या बाजूचे शॉर्टकट

(एडिटिंगची खोली. साबण कारखान्याचे मॅनेजर त्यांची फिल्म अर्धवट बघून नुकतेच निघून गेलेत.)

दादा: माझ्या की-बोर्डचं सेटिंग तू बदललंस?

धाकटी: रविवारी. माझं मशीन बंद होतं, म्हणून तुझ्या मशीनवर बसले. कट मारायला गेले तर आवाजच बंद झाला. सगळे शॉर्टकट डाव्या कोपऱ्यात कोंबलेले. मूळ जागी आणून ठेवले. उपकार मान.

दादा: सांगायचं तरी.

धाकटी: राहिलं. पण मॅनेजर तोंड फुगवून का गेले?

दादा: त्यांच्यासमोर मी क्यू दाबलं. माझ्या सेटिंगमध्ये क्यू म्हणजे साधा कट. मूळ सेटिंगमध्ये मागचा तुकडाच उडतो. त्यांच्या भाषणाची सुरुवात गेली.

धाकटी: मग अनडू करायचं.

दादा: केलं. मग डब्ल्यू दाबलं. शेवट गेला.

धाकटी: अरे, मूळचे शॉर्टकट तुला झोपेतसुद्धा येतात. मला तूच शिकवलेस. उजवा हात नेहमीच्या जागी ठेवायचा आणि...

दादा: विषय संपव. उद्या त्यांना फोन करतो.

धाकटी: थांब. तो हात मांडीवर का आहे?

दादा: असाच.

धाकटी: मघापासून तिथेच आहे. आण इकडे. खिडकीकडे बघ. हाताकडे नाही, खिडकीकडे. काही कळतंय?

दादा: काय कळायचंय?

धाकटी: दादा, मी पेन टोचतेय. तीन बोटांना. जोरात.

दादा: हं.

धाकटी: हं काय? कधीपासून?

दादा: ही फिल्म घेतली, त्याच्या थोडं आधीपासून. आधी मुंग्या यायच्या. नंतर त्याही थांबल्या. मला वाटलं, बरं झालं.

धाकटी: आणि डॉक्टरकडे जायचं सोडून तू शॉर्टकट हलवत बसलास.

दादा: एकेक बोट गेलं, तसा एकेक हलवला. तुला सांगितलं असतं तर तू फिल्म परत केली असतीस. एडिटरचा हात गेला, एवढं बाहेर कळलं की मला पुन्हा मशीनवर कोण बसवणार? मला दुसरं काय येतं?

धाकटी: परत कशाला केली असती? शेजारी बसून मी दाबले असते शॉर्टकट, तू नुसतं सांगायचंस. एवढं सुचलं नाही तुला? आता ऊठ. डॉक्टर आत्ता असतील.

दादा: बरं. तू इथलं बंद कर, मी गाडी काढतो.

धाकटी: तू काय काढतोस?

दादा: गाडी.

धाकटी: या हातानं तू गाडी चालवतोस?

दादा: डाव्या हातानं. सरळ रस्त्याला काही अडत नाही.

धाकटी: डावा हात गिअरवर गेला की स्टिअरिंग कोण धरतं?

दादा: आई.

धाकटी: आई? म्हणजे तिला माहीत आहे?

दादा: नाही गं. तिला वाटतं, मी तिला गाडी शिकवतोय. खूश आहे ती.

धाकटी: चावी दे, दादा.

दादा: सवयीनं उजव्या खिशात टाकलीय. तूच काढ.