घाटात लटकलेली गंगी

शरणार्थ सगळ्यांना. बसा. मागचे उभे हायेत तेबी बसा. हितं म्होरं सतरंजी रिकामी पडलीय आनि तुमी दाराला चिकटलाव. मन्मथआप्पाच्या सभेला आलाव, भ्याचं काय कारन हाय?

मी काशीबाई, आप्पाची धाकटी भैन. लिंबागणेशला दिलेली. शाळा चौथीपस्तोर. भाषन मला येत न्हाई, आनि दुसऱ्याचं ऐकायलाबी आवडत न्हाई. आज तर तोंड उघडायचंच न्हवतं. भाऊ गेल्यावर काय बोलायचं असतं? पन आता तासभर जे ऐकलं, ते ऐकून बसवंना.

पहिले पावने म्हनले, आप्पा थोर चित्रपटप्रेमी हुते. आप्पाचं किरान्याचं दुकान हुतं. बीडला थेटरात त्यो कधी गेला तर मधूनच उठून यायचा. म्हनायचा, "काशे, तिथं समदी मानसं आपली आपनच बोलतेत. आपल्याला कामच ठेवलं न्हाई."

दुसरे म्हनले, त्यो जुना मुक्या सिनेमाचा खेळ काळाच्या पोटात गडप झाला. आनि मग आप्पाचा नातू उठला, पुन्याला शिकतो. त्यानं जाहीर केलं, आजोबाच्या नावानं शोध समिती काढू, हरवलेला शेवटचा भाग हुडकू, मुंबईला जाऊ, हैदराबादला जाऊ. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या.

बाळा, बस खाली. हैदराबादला कावून जातूस? तुला चहा पाजतील आनि माघारी धाडतील. त्यो भाग कुटं गेला ते मला ठावं हाय. त्येच सांगायला उठले.

नव्या मानसांना ठावं नसंल म्हनून सांगते. आमच्या बाबाचा तंबूचा सिनेमा हुता. एक बैलगाडी, एक हातानं फिरवायचं मशीन, एक पडदा. नेकनूरच्या बाजारात दर बाजारी एक भाग. शहरात बोलता सिनेमा येऊन लई वर्सं झालती, पन आमच्याकडं मुकाच यायचा, दुसऱ्यांनी वापरून टाकलेला. पडद्यावरची मानसं नुस्ती तोंड हलवायची. बोलायचे आमचे बाबा. काठी घिऊन पडद्याच्या बाजूला उभे. राजाचं बाबा बोलायचे, चोराचं बाबा, बाईचंबी बाबाच, बारीक आवाज काढून. खेळाचं नाव काय हुतं, कोन जाने. पाट्या इंग्रजीत, आनि बाबाची शाळा उर्दूतली. मग बाबानं पोरीचं नाव ठेवलं गंगी. बापाचा चोरलेला हिरा हुडकायला गंगी घोड्यावर बसून निघते. डोंगर दिसला की बाबा म्हनायचे, "बघा, गंगी आली मांजरसुंब्याच्या घाटात." लोकं खरं मानायचे. गाडीवाले घाटातून जाताना वर बघायचे, गंगी दिसती का.

शेवटून दुसरा भाग. गंगी दरीवर दोरीला लटकली. वर बदमाश सुरी चालवतोय. दोरी अर्धी कापली, आनि पडदा पांढरा. बाबा म्हनले, "म्होरच्या बाजारी."

त्यो म्होरचा बाजार कवाच आला न्हाई.

तुमी म्हनता, शेवटच्या भागाची पेटी आलीच न्हाई. आली हुती. कान उघडे ठिवून ऐका, आली हुती. पोळ्याच्या आदल्या दिवशी जालन्याहून मोटारीनं आली. बाबा बीडला गेलते, मशीनचं भिंग नीट करायला. घरी माय, आप्पा आनि मी. मी आप्पाच्या कंबरंएवढी.

आता ह्ये समजून घ्या. जालन्याहून कधीमधी सिनेमाच्या पट्टीच्या तुटक्या तुकड्यांचीबी पेटी यायची. ती पट्टी काळी, चकचकीत. माय तिचे गोंडे करून गाडीला बांधायची. त्या साली बाजारातलं बेगड संपलं. बैलाच्या शिंगाला लावायला काय न्हाई. आनि मायचा त्या दोन बैलांवर लई जीव. आमच्या लोकांत नंदी म्हंजी देवच. मायनं पेटी उघडली, तिला वाटलं तुकडेच आलेत. पट्टी सरंना की, निघतच ऱ्हायली. माय खुश. शिंगाला गुंडाळली, गळ्यात घातली, दाराला तोरन केलं. बैल असे दिसले की शेजारच्या बाया बघायला आल्या.

दुसऱ्या दिवशी बैल दारात उभे केले. माय ओवाळायला गेली. निरांजन शिंगाजवळ गेलं.

पट्टी रॉकेलवानी भसकन पेटली. शिंग, तोरन, दारातली पेटी, समदं. बाबा तवाच आलते, त्यांनी हातानं वढून काढलं. बैलाचा कान भाजला, बाबाचे तळवे सोलले. गंगीचा शेवट धूर हुऊन आमच्या दारातून वर गेला.

गावानं धूर बघितला. शेजारच्या बायांनाबी वाटलं, तुकडेच जळले. बाबानं आमाला जवळ घेतलं, हाताला पाला बांधलेला, आनि म्हनले, "पेटी आली न्हाई. कळलं का? आली न्हाई." कावून? आरं, गावानं मायला जगू दिलं असतं का? पानवठ्यावर रोज तोंडावर ऐकवलं असतं, हिनंच आपला खेळ जाळला.

तवापासून आप्पा खोटं बोलला. उभा जन्म ह्येच येक खोटं. दुकानात गिऱ्हाईक यायचं, गूळ घ्यायचं, जाता जाता इचारायचं, "आप्पा, पेटी आली का?" आप्पा म्हनायचा, "यायची हाय." बाबा गेले, तरी यायची हाय. माय गेली. मी म्हनले, "आता तरी सांग की. माय ऱ्हायली न्हाई." तर माझ्यावरच डाफरला, "मेल्यावर बोल लावू का तिला?"

म्हनून त्यो गेल्यावर मी सांगते. मायला बोल लावायचा आसंल तर मला लावा. मी हाय हितं. बघू कोन लावतंय.

पन खोटं बोलायचा त्यो लोकांशी. गोष्टीशी न्हाई. त्येचाच तर मला वैताग. दर पंचमीला मुराळी हुऊन मला न्यायला यायचा. आधी बैलगाडीनं, पुढच्या वर्सांत यष्टीनं. लिंबागणेश सुटलं की गंगी सुरू, बाबाच्या आवाजात. बाईचा बारीक आवाजबी काढायचा, यष्टीतली मानसं वळून बघायची, मला लाज वाटायची. मांजरसुंब्याला आलं की गंगी दोरीला. आनि ह्यो गप. मी म्हनायचे, "आप्पा, आता पाड तरी तिला, न्हाईतर वर तरी काढ. पोरीचे हात तुटले असतील." तर म्हनायचा, "आपल्याला ठावं न्हाई ते आपन कसं सांगावं?" मला नातवंडं झाली, सुना आल्या, गंगी आपली दोरीलाच.

गेल्या पंधरवड्यात त्याच्या खाटंजवळ बसले हुते. बोलनं बारीक झालतं. मला वाटलं पानी मागतोय. वाकले, तर म्हनला, "काशे, वाचली आसंल का गं ती?"

मरायला टेकला आनि ह्याला गंगी. मी म्हनले, "वाचली."

"कशी?"

"दोरी तुटली. खाली पानी हुतं."

"घाटात कुठलं आलं पानी?"

"झाला आसंल पाऊस. तू हुतास का तिथं?"

"आनि घोडं?"

मी कावले. म्हनले, "घोडं घिऊन तिचा भाऊ आला."

डोळे उघडले त्यानं. "भाऊ? खेळात भाऊ न्हाई. पयल्या भागापासून न्हाई."

"शेवटच्या भागात आला. तू बघितलाय का शेवटचा भाग?"

मान माझ्याकडं वळवली. मग म्हनला, "उशीर केला मग त्यानं."

"उशीर केला. पन आला."

"घरी नेलं?"

"नेलं. घोड्यावर बसवून नेलं."

"बरं झालं," म्हनला. डोळे मिटले. सकाळी गेला.

आता समिती नगं. बॅनरबी काढा, फोटोत त्यो हसतोय, असा त्यो कधी हसत न्हवता. आज मी यष्टीनं एकटीच आले. मांजरसुंब्याला गाडी थांबली, मान आपसूक घाटाकडं वळली. बघितलं. दोरीबिरी काय न्हवती. कोनी लटकलेलं न्हवतं.

उठा, उभं ऱ्हावा. घड्याळ बघू नका, फोन खिशात घाला. बाबा काठी उचलायचे आनि पयला शब्द निघायच्या आधी समदा तंबू गप व्हायचा, तसं गप व्हा. मी सांगितल्याबिगर कोनी खोकायचंबी न्हाई.

शरणार्थ, आप्पा. तिथं कोनी इचारलं तर सांग, पेटी आली.