गादीवरचं गिऱ्हाईक

"हॅलो?… हळू बोल, आत्या. …नाही, घसा नाही बसलेला. गिऱ्हाईक झोपलंय."

भाचीने फोन दुसऱ्या कानाला लावला. सकाळपासून उभी होती, पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती. दुकानभर गाद्या, आणि तिला टेकायला एक लोखंडी स्टूल.

"झोपलंय म्हणजे झोपलंय. घोरतायत… तेच आजोबा गं, कंबरेचं ऑपरेशन झालेले. आपल्या भारीच्या गादीवर… हो, हो… अगं ऐक ना! उठवू म्हणजे काय करू? गुदगुल्या करू?"

पलीकडे आत्या. दुकान तिचं आणि घाईसुद्धा तिचीच. भारीची एक तरी गादी या महिन्यात खपली नाही, तर ही शाखा बंद आणि भाचीची रवानगी गोदामात, असं तिने बजावलं होतं. आज महिनाअखेर.

"माहितेय शेवटचा दिवस आहे… पण मागच्या खेपेला काय झालं? त्यांनी नुकती पाठ टेकली होती, आणि तू उशाशी उभी राहून स्प्रिंगा मोजायला लागलीस. गॅरंटी काय, फोम काय… उठून गेले बिचारे! …मग? आडव्या माणसाशी बोलायचं नसतं, आत्या. तेव्हा गादीला बोलू द्यायचं."

"…तयारी? सगळी केलीये. मीच म्हटलं, जेवून या, दुपारी दुकान रिकामं असतं. पातळ उशी घरून आणली, जाड उशीने मान धरते त्यांची. गाणी बंद, वरचा दिवा बंद… बिल वाचवायला नाही गं! …डाव्या कुशीवर झोपतात, म्हणून भिंतीची बाजू दिली. …आजींनी सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं!"

आजी गादीच्या कडेला बसल्या होत्या, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून. बऱ्याच दिवसांनी परगावाहून परतलेल्या माणसाकडे बघावं, तशा नवऱ्याकडे बघत होत्या.

"थांब, त्या बोलावतायत. ठेवू नकोस… हं, आजी?… ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा?… हो का… घ्यायची? बरं."

एवढं बोलून तिने तोंड मिटलं. होकार मिळाल्यावर वर एक शब्द टाकला की गिऱ्हाईक पुन्हा विचारात पडतं. आजी आणखी काहीतरी म्हणाल्या. भाचीने कपाळाला हात लावला.

"आत्या? घेतायत… ओरडू नकोस! …पण हीच हवी म्हणतात. डिस्प्लेची. …नवी कडक लागते गं. हिच्यावर वर्षभर जगभरची माणसं लोळून गेलीत, तेव्हा कुठे अशी झालीये. नवी पाठवलीस तर चार दिवसांत परत येईल, आणि आजोबा पुन्हा रात्रभर कूस बदलत बसतील. …उद्याच्या गिऱ्हाइकाला? नवी मांडू की. मीच लोळून मऊ करते. आज तर फुकट करीन."

भाचीने फोन कानावर आणखी घट्ट दाबला.

"…आहेस ना? …हं. …मग शाखेचं?… आणि गोदामाचं?… बरं. बरं, आत्या."

जीव भांड्यात पडला. पण आनंद व्हायलाही थोडं बळ लागतं, ते उरलं नव्हतं. ती स्टुलावर मटकन बसली.

"काय? गाडी आत्ताच?… अगं, उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! थांब जरा…"

पर्स घसरून जमिनीवर पडली होती. आजींनी नवऱ्याच्या पाठीला डोकं टेकलं होतं, पाय अजून गादीबाहेरच.

"गाडी आज नको पाठवूस. …नाही, मन नाही बदललं त्यांचं. …नाही, मी उठवणार नाही. …किती वेळ ते मला काय माहीत? …हो गं, गादी विकली गेलीये, आत्या. फक्त रिकामी नाहीये. ठेवते."