तेराव्या महिन्यात आज्जी कुणाकडे?

वडीलधाऱ्या मंडळींनो, भावांनो, बहिणींनो, आणि दारात उभं राहून आत जागा आहे का ते बघणाऱ्या पाहुण्यांनो,

अशा वेळी बोलणं अवघड असतं, असं सगळेच म्हणतात. माझी अडचण जरा निराळी आहे. गेला पाऊण तास मी ज्या खुर्चीवर बसलो होतो, तिचा एक पाय आखूड आहे. खुर्ची शाळेची आहे, पण शाळेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार घराण्याबद्दल आहे. आधी तिच्यावर माझे थोरले चुलते, आबा बसले. डुगडुगली, तशी त्यांनी ती मोठ्या आदरानं धाकट्या भावाकडे, लोणंदच्या नानांकडे सरकवली. नानांनी साताऱ्याच्या सुभेदार काकांकडे. सुभेदारांनी लष्करी शिस्तीत माझ्याकडे. मोडकी आहे असं कुणीही म्हटलं नाही. प्रत्येकजण म्हणाला, तू बस की. मी पाय रोवून पाच भाषणं ऐकली.

पाचही वक्त्यांनी एक वाक्य न चुकता म्हटलं. आज्जी भरल्या घरातून गेली. भरलं घर म्हणजे काय, तर चार मुलगे, एकवीस नातवंडं, आणि पतवंडांची मोजणी अजून चालूच आहे.

मंडळी, आज्जी भरल्या घरातून गेली नाही. ती कुपवाडला गेली. पत्र्याच्या एका खोलीत. इथल्या निम्म्या लोकांना हे ठाऊक आहे, आणि उरलेल्या निम्म्यांना कळू द्यायचं नाही असं ठरलं आहे. ठरवताना मीही मान हलवली होती. सुभेदार काका, मला बसायची खूण करू नका. त्या खुर्चीवर परत बसायची माझी इच्छा नाही.

आज्जीला सांभाळायची पाळी होती, हे लपवण्यासारखं नाही. घरोघरी असते. बारा महिने, चार घरं, प्रत्येकी तीन. माझे वडील गेल्यावर त्यांचे तीन महिने माझ्याकडे, सांगलीला आले. वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. श्रावण लागला की नानांकडे. हिशेब इतका चोख की पंचांगवाल्यानं शिकावा.

आणि पंचांगवाल्यानंच घोटाळा केला. यंदा श्रावण दोन आले. आधी अधिक, मग निज. धोंड्याचा महिना. बारा महिने वाटून घेतलेल्या घरात तेरावा महिना आला, आणि आज्जी उरली.

मी नानांना कार्ड टाकलं, आषाढ संपतोय, न्यायला या. नानांचं उलट टपाली उत्तर आलं की आमचा श्रावण निज, अधिकाशी आमचा संबंध नाही. मी आबांना लिहिलं. आबांकडे उसाची भांगलण चालू होती. सुभेदार काकांकडे जावई यायचे होते. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात, तेव्हा घरात जागा कुठली? मला सांगा, तेहतीस अनारशांना जागा होते, एका म्हातारीला होत नाही? पण काकांना तरी काय म्हणू? माझ्या घरात जावईही नव्हते आणि अनारसेही नव्हते.

आज्जीनं मला विचारलं होतं. मी कचेरीत जायच्या गडबडीत होतो. ती उंबऱ्याशी बसून म्हणाली, "ह्यो धोंड्याचा म्हयना हितंच काढू का रं?"

मी काय म्हणालो? मी लेखक माणूस. माझ्या बोलण्याला चार लोक हसतात, याची मला सवय. मी म्हणालो, "आज्जी, कचेरीच्या कॅलेंडरात हा महिनाच नाही."

घरात सगळे हसले. तीही हसली. मग म्हणाली, "देवानं म्हयना जादा दिला, त्यो बी तुमास्नी जड झाला व्हय?" त्यावरही आम्ही हसलो. ती विनोद करत नव्हती, हे कळायला मला तेवीस दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी मी तिला लोणंदच्या एसटीत बसवलं. नाना नको म्हणत असतानाही बसवलं. दारात उभी राहिली की घेतील, असा माझा डाव. सोबत गेलो नाही. गाडी हलली तसा घरी आलो. आज्जी पहिल्याच थांब्यावर उतरली आणि विचारत विचारत कुपवाडला गेली.

तिथं बायजाबाई राहतात. दुष्काळात माणदेशातून मेंढरं घेऊन आल्या, तेव्हा आबांच्या पडीक रानात आज्जीनं त्यांना बसू दिलं होतं. आता मेंढरं राहिली नाहीत. त्यांचे मालक कारखान्यात जातात. त्यांच्या एका खोलीत आमची आज्जी तेवीस दिवस राहिली. मला वाटलं, नानांकडे आहे. नानांना वाटलं, माझ्याकडेच आहे. आबांना वाटलं, साताऱ्याला. साताऱ्याला काहीच वाटलं नाही. शेवटी तीन दिवस ताप होता. चोविसाव्या सकाळी बायजाबाईंचे मालक सायकलीवरून माझ्या दारात आले.

मी बायजाबाईंवर चिडलो, मंडळी. त्यांच्यावर. आधी निरोप का नाही दिलात, म्हणून. त्या शांतपणे म्हणाल्या, "आवं, म्हातारी म्हनली, पोरास्नी ठावं हाय. आन मला वाटलं, एवढ्या माणसांत कुनाला तरी ठावं असंलच की."

एवढ्या माणसांत. कुणाला तरी.

आम्ही तिला गावी आणायला निघालो, तेव्हा पाऊस लागून राहिला होता. टेंपोला ताडपत्री नव्हती. बायजाबाईंनी भिंतीवरची घोंगडी काढली आणि आज्जीवर घातली. त्यांच्या सासऱ्यानं विणलेली. खोलीतली एकच. ती तशीच कृष्णेकाठी आज्जीबरोबर गेली. जाळताना आम्ही तुपाची चौकशी केली, चंदनाची केली. घोंगडी कुणाची, हे कुणी विचारलं नाही.

काल तेरावं झालं. वाढपी म्हणून घरची झाडून सगळी पोरं होती. बायजाबाई दोन गाड्या बदलून आल्या, आणि शेवटच्या पंगतीला जेवल्या. आत्ताही त्या मागं, भिंतीला टेकून बसल्या आहेत. त्यांना दोन शब्द बोला, असं कुणी म्हटलेलं नाही.

परवा मी आटपाडीच्या बाजारात जाऊन एक घोंगडी आणली आहे. पहिलीसारखी नाही. तसली आता कुणी विणत नाही म्हणतात.

आता सगळ्यांनी उभं राहावं आणि गप्प राहावं. आपल्या घराण्याला बोलण्यापेक्षा ते सोपं जाईल. घड्याळ बघू नका. मी मागच्या भिंतीपर्यंत जाऊन येईतो उभे राहा.

बायजाबाई, तुम्ही उठू नका. मी येतो तिकडं.